स्लॅक-की गिटारचे कुमू गेल्यानंतर त्यांचं वादन जपायचं कसं

हवाईतल्या स्लॅक-की गिटारच्या कुमूंच्या, म्हणजे गुरूंच्या, मागे कागद फार थोडे उरतात. गाणी कानाने आणि नजरेने शिकवलेली असतात. तारा लावण्याची पद्धत, अंगठ्याची चाल, दोन कडव्यांमधला छोटा तुकडा हे सगळं त्यांच्या बोटांत असतं आणि त्यातलं काही शिष्यांच्या बोटांत उतरलेलं असतं. गुरू गेले की माणसं आधी फोटो आणि कॅसेटी गोळा करायला धावतात. कॅसेटी आणखी दोन-तीन महिने थांबू शकतात. शिष्यांची बोटं थांबत नाहीत. वर्ग बंद पडला की महिन्याभरात अंगठा आपल्या सोयीच्या चालीवर घसरतो, आणि ज्याला 'कुमूंसारखं वाजवतो' म्हणायचे तो नकळत स्वतःसारखं वाजवू लागतो. म्हणून या कामाचा क्रम असा ठेवा: आधी त्यांची गिटार जशी आहे तशी नोंदवा, मग शिष्यांचं वादन, मग टेपा आणि कागद. एकत्र वाजवण्याचा स्मरणाचा कार्यक्रम त्यानंतर.

ज्यांनी हा प्रकार फारसा ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 1830च्या दशकात मेक्सिकन गुराखी हवाईच्या मोठ्या बेटावर गुरं हाताळायला आले आणि त्यांच्याबरोबर गिटार आली. स्थानिकांनी ती आपल्या गाण्यांसाठी वापरताना काही तारा सैल करून वेगवेगळे मेळ, म्हणजे मोकळ्या तारांच्या स्वरांच्या रचना, बसवले. अंगठा खालचे स्वर आलटूनपालटून चालू ठेवतो आणि बाकीची एक-दोन बोटं चाल वाजवतात. गॅबी पाहिनुई यांच्या 1940च्या दशकातल्या ध्वनिमुद्रिकांनंतर हे वादन घराबाहेर पोचलं. त्याआधी आणि नंतरही कित्येक घराण्यांनी आपले मेळ गुप्त ठेवले. वाजवून झाल्यावर तारा मुद्दाम उतरवून ठेवणारे लोक होते. गॅबी 1980 मध्ये गेले, आंटी अॅलिस नामाकेलुआ 1987 मध्ये, सनी चिलिंगवर्थ 1994 मध्ये, लेनर्ड क्वान 2000 मध्ये, रेमंड काने 2008 मध्ये, डेनिस कामाकाही 2014 मध्ये, सिरिल पाहिनुई 2018 मध्ये. ही नावं ध्वनिमुद्रणांमुळे ऐकायला मिळतात. गावातल्या सभागृहात किंवा घराच्या ओसरीवर आयुष्यभर शिकवलेल्या कुमूंचं तसं काही नसतं, आणि हे मार्गदर्शन त्यांच्यासाठी आहे.

गिटारच्या खुंट्यांना हात लावण्याआधी

गिटार पेटीत शेवटच्या मेळात लावलेली असण्याची शक्यता मोठी असते. घरात कुणी सहज उचलून तारा नेहमीच्या पद्धतीने लावल्या की तो पुरावा गेला. म्हणून कुटुंबाला सर्वांत आधी एवढंच सांगा की खुंट्या फिरवू नका.

मग शांत खोलीत प्रत्येक मोकळी तार जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत एकेक छेडा. प्रत्येक तार पूर्ण विरेपर्यंत, निदान दहा सेकंद, रेकॉर्ड करा. त्यानंतर बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक, म्हणजे तारेला बोट नुसतं टेकवून निघणारा स्वर, तसाच घ्या. फार खालच्या तारेचा स्वर ओळखायला तो जास्त स्पष्ट असतो. ट्यूनरवर दिसलेले आकडेही लिहा, पण त्यांच्यावर विसंबू नका. हवेत ओल वाढली की लाकूड फुगतं आणि सगळ्याच तारा थोड्या चढतात, कोरड्या हवेत उतरतात. काही आठवडे पडून राहिलेल्या गिटारचा मूळ स्वर हललेला असतो. तारांमधली अंतरं मात्र बहुतेक वेळा ओळखता येतील इतकी शाबूत असतात. आपल्याला अंतरंच हवी आहेत.

त्यानंतर फोटो. मानेचा पूर्ण फोटो, नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा जवळून, आणि पडद्यांची झीज तिरप्या उजेडात. कोणत्या तारेखाली कोणत्या पडद्यावर खळगा पडला आहे हे पाहिलं की त्यांची चाल मानेच्या कोणत्या भागात फिरत असे ते कळतं. तारांची जाडी मायक्रोमीटरने मोजा, कारण मेळ सैल असेल तर जाडीला महत्त्व येतं. नेहमीच्या हलक्या संचात पहिली तार 0.012 इंच आणि सहावी सुमारे 0.053 इंच असते, तर मध्यम संचात 0.013 आणि 0.056. सहावी तार सी स्वरापर्यंत उतरवणारे वादक बहुधा जाड तार पसंत करतात, कारण हलकी तार तिथे लोळते आणि पडद्यावर खडखडते. पेटीतल्या नख्या, कॅपो (सगळ्या तारा एका पडद्यावर दाबून पट्टी चढवणारा चिमटा), गाण्यांच्या चिठ्ठ्या, जुन्या तारांची पाकिटं यांतलं काहीही फेकू नका आणि पुसू नका.

गिटार पुढे काही महिने वाजणार नसेल तर तारा एक-दोन स्वर उतरवून ठेवा. सगळ्या एकदम काढू नका, कारण ताण पूर्ण गेला की मानेच्या आतली सळई, ट्रस रॉड, मान मागे ओढते. पेटीत सापेक्ष आर्द्रता 45 ते 55 टक्के राहील अशी पाकिटं ठेवा. वाऱ्याला उघड्या असणाऱ्या बेटावरच्या घरांत ती सहज 70च्या वर जाते आणि कोआ लाकडाची गिटारही त्यातून सुटत नाही.

परवानगी, आणि तीन ढीग

हे काम शिष्यांचं रेकॉर्डिंग सुरू करण्याआधीचं आहे. कुमूंनी एखादा मेळ किंवा घराण्याचं गाणं 'तुझ्यापुरतं' म्हणून दिलेलं असू शकतं. ते शब्द कागदावर नसले तरी बंधनकारक माना. कुटुंबातल्या ज्येष्ठांबरोबर बसून प्रत्येक गाणं तीनपैकी एका ढिगात टाका: सर्वांसाठी खुलं, फक्त शिष्यांमध्ये राहील असं, आणि फक्त ओहानासाठी, म्हणजे कुटुंबासाठी. शंका असेल तर गाणं अधिक बंद ढिगात ठेवा. बंद ढिगातलं नंतर उघडता येतं, पण इंटरनेटवर गेलेलं परत घेता येत नाही.

कायद्याची बाजूही आहे. अमेरिकेच्या कायद्यात कुमूंनी 1978 नंतर स्वतः रचलेल्या गाण्याचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर 70 वर्षं टिकतो आणि तो वारसांकडे जातो. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो आणि तो दुसऱ्याच कुणाकडे असू शकतो. वर्गाच्या टेपेवर इतर शिष्यांचे आवाज असतात, त्यांनाही विचारा. एका पानाचा साधा लेखी होकार पुरतो: कोणतं गाणं, कोणत्या ढिगात, कुणी सांगितलं, तारीख.

मेळ ओळखणं

मेळांची नावं घराघरांत बदलतात, म्हणून नावाबरोबर स्वर लिहिल्याशिवाय नोंद पुरी झाली असं मानू नका. सगळे स्वर जाड तारेकडून बारीक तारेकडे लिहायचे; तारांचे क्रमांक मात्र उलटे, सर्वांत बारीक तार पहिली आणि सर्वांत जाड सहावी. मराठी कानाला सरगमची सवय असेल तर हे काम सोपं जातं, कारण कुमू अख्खी गिटार अर्धा-एक स्वर खाली लावत असतील तरी सरगम बदलत नाही.

सर्वांत जास्त भेटणारा मेळ टारो पॅच: डी-जी-डी-जी-बी-डी. जी हा सा धरला तर प-सा-प-सा-ग-प. जी वाहिने त्याच्यापासून एकाच तारेने वेगळा आहे, तिसरी तार जी वरून एफ शार्पवर येते: प-सा-प-नी-ग-प. सी वाहिने म्हणजे सी-जी-डी-जी-बी-डी. इथे सा बदलून सी होतो, म्हणून सा-प-रे-प-नी-रे. माउना लोआ नावाने ओळखला जाणारा सी-जी-ई-जी-ए-ई हा मेळ सा-प-ग-प-ध-ग असा येतो आणि त्यात चौथी तार नेहमीच्या डी वरून वर ई ला चढवलेली असते. मेळ जेमतेम एवढेच आहेत असं समजू नका. डझनावारी आहेत, आणि काही तर एखाद्याच वादकाचे आहेत.

टेपेवरून मेळ शोधायचा असेल तर पहिला प्रश्न हा: मोकळ्या तारांमधला सर्वांत खालचा स्वर गाण्याचा सा आहे की प? प असेल तर टारो पॅचच्या कुळातला मेळ, सा असेल तर सी च्या कुळातला. दुसरा प्रश्न वाहिनेसाठी: मोकळा नी छेडून लगेच पहिल्या पडद्यावर बोट आपटून सा केलेला ऐकू येतो का? हा हॅमर-ऑन म्हणजे वाहिने मेळांची ठळक खूण आहे. जी वाहिनेत तो तिसऱ्या तारेवर पडतो, सी वाहिनेत दुसऱ्या, त्यामुळे सी वाहिनेतला अधिक वर ऐकू येतो. तिसरी तपासणी अंगठ्याची. टारो पॅचमध्ये मूळ जी कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा गट) अंगठा बहुधा पाचव्या आणि चौथ्या तारेत फिरतो आणि डी-सेव्हन ही कॉर्ड आली की सहाव्या आणि चौथ्या तारेवर जातो. सर्वांत जाड तार फक्त डी-सेव्हनच्या वेळीच घुमत असेल तर मेळ जवळपास नक्की झाला.

सर्वांत भरवशाचा पुरावा मात्र लोक नेमका कापून टाकतात. गाणं सुरू होण्याआधी कुमू तारा जुळवत असतात, तो अर्धा मिनिट. सगळ्या मोकळ्या तारा तिथे एकामागून एक ऐकू येतात.

शिष्यांचं वादन टिपणं

कोणत्या शिष्याला कोणतं गाणं येतं त्याची यादी करा आणि प्रत्येकाला एका बैठकीत तीनच गाणी द्या. चौथ्या गाण्यापर्यंत बोटं थकतात.

दोन कॅमेरे लागतात. एक डाव्या हातासमोर, मान पूर्ण दिसेल असा. दुसरा उजव्या हाताच्या किंचित खालून, म्हणजे अंगठा कोणत्या तारेवर पडतो ते दिसेल. सेकंदाला 60 चौकटी ठेवा; 30 वर अंगठा पुसट होतो. फोन चालतील, पण आवाज फोनच्या नेहमीच्या सेटिंगवर घेऊ नका. आवाज सुधारण्यासाठी फोन जे करतो त्यात लांबणारा स्वर गोंगाट समजून दाबला जातो, आणि स्लॅक-कीमध्ये मोकळ्या तारेची लांब आस हेच सर्वस्व. स्वतंत्र रेकॉर्डर असेल तर 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, आणि सर्वांत मोठा आवाज उणे 12 डेसिबलच्या आसपास. माइक गिटारपासून सुमारे 30 सेंटिमीटरवर, मान जिथे गिटारच्या पोटाला मिळते त्या जागेच्या रोखाने. भोकासमोर धरला तर खालच्या तारा घुमून चाल बुडते. पंखा आणि फ्रिज बंद करा.

प्रत्येक गाणं आधी पूर्ण गतीने, मध्ये न थांबता. मग फक्त अंगठा. मग फक्त चाल. 'हळू वाजवून दाखवा' हे शेवटी, आणि त्यावर फार भरवसा नको: गती उतरली की बोटं विचार करू लागतात आणि वेगळीच जागा धरतात. खरं वादन पूर्ण गतीचंच. ते नंतर यंत्रावर संथ करून पाहता येतं. मेट्रोनोम लावू नका. कुमूंच्या लयीतला डोल हाही जपायचाच आहे. गती हवी असेल तर 15 सेकंदांतले ठोके मोजून चाराने गुणा.

व्हॅम्प वेगळा टिपा. दोन कडव्यांमध्ये येणारा हा छोटा तुकडा, जी मध्ये बहुधा ए-सेव्हन, डी-सेव्हन आणि पुन्हा जी, ऐकायला किरकोळ वाटतो. पण वादक ओळखू येतो तो त्यावरूनच. एकाच कुमूंचे वेगवेगळ्या गाण्यांत तीन-चार व्हॅम्प असतात आणि कोणता कुठे, हे शिष्य सर्वांत लवकर विसरतात.

दोन शिष्यांचं तेच गाणं वेगळं निघेल. कोणाचं बरोबर, हा वाद घालू नका. कुमूंनी वीस-तीस वर्षं शिकवलं असेल तर गाणं त्यांच्याच हातात बदललेलं असतं. प्रत्येकाने ते कोणत्या वर्षी शिकलं हे लिहा आणि दोन्ही ठेवा. दोन्ही जोडून एक 'शुद्ध' आवृत्ती तयार केली तर ती कुमूंनी कधीच न वाजवलेली असेल.

टेपा

कॅसेट हातात आली की आधी मागच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडलेले आहेत का ते पाहा. नसतील तर मोडा; चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी मग टेप पुसली जात नाही. नंतर खिडकीतून टेपेकडे नीट बघा. पांढुरकी पूड किंवा जाळी दिसली तर ती बुरशी असते. दमट बेटांवर हे नेहमीचं आहे, आणि अशी टेप लावली तर यंत्रातून ती बाकीच्या टेपांना लागते. ती वेगळ्या पिशवीत घालून जाणकाराकडे पाठवा. आतला छोटा फोमचा दाबतुकडा सुटला असेल तर आवाज मंद आणि हलता येतो. टेप दुसऱ्या चांगल्या खोक्यात घातली की काम होतं. 1970-80च्या दशकातल्या काही मोठ्या रिळांच्या टेपा चिकट होऊन चरचरतात. त्या नियंत्रित उष्णतेत शेकाव्या लागतात. घरच्या ओव्हनमध्ये करून पाहण्याची ही गोष्ट नाही.

टेप एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या. डेकचं हेड स्वच्छ करा आणि प्रत्येक टेपेसाठी त्याचा कोन, म्हणजे अझिमथ, उंच स्वर सर्वांत स्वच्छ ऐकू येईपर्यंत जुळवा. डॉल्बी, म्हणजे टेपेची सरसर कमी करणारी सोय, लावून रेकॉर्ड झालं आहे की नाही माहीत नसेल तर बंद ठेवून घ्या. 96 किलोहर्ट्झ, 24 बिट, दोन चॅनेल, असंकुचित डब्ल्यूएव्ही फाइल. एका तासाला साधारण 2 गिगाबाइट लागतात, म्हणजे 90 मिनिटांच्या कॅसेटीला 3 च्या थोडं वर. पूर्ण बाजू घ्या. शांतता, अडखळणं, गप्पा, हसणं सगळं. कुमू 'हे मला अमक्यांनी दाखवलं' असं बोलता बोलता सांगून जातात, आणि गाणं कुठून आलं याचा तोच एकमेव पुरावा असू शकतो.

गतीचा प्रश्न सर्वांत जास्त फसवतो. घरगुती रेकॉर्डर दोन-तीन टक्के वेगाने किंवा हळू चालत. सूर ऐकून गती दुरुस्त करायला जाऊ नका, कारण कुमूंनी गिटार मुळातच खाली लावली असेल. हवाईतली वीज 60 हर्ट्झची आहे. रेकॉर्डर भिंतीच्या विजेवर चालला असेल तर टेपेच्या तळाशी तिची घूं बारीक उमटलेली असते. स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या कोणत्याही ध्वनिसंपादकात ती शोधा. ती 61.2 हर्ट्झवर दिसली तर टेप दोन टक्के वेगाने वाजते आहे. गती 60 भागिले 61.2, म्हणजे 0.98 पट करा. तेवढ्याने सूर अर्धस्वराच्या सुमारे एक तृतीयांशाने उतरतो. दोन गोष्टींची काळजी घ्या. तुमच्या स्वतःच्या डेकचीही घूं येते आणि ती नेमकी 60 वर असते, म्हणून आधी कोरी टेप लावून ती कितपत आहे ते पाहा. आणि बॅटरीवर समुद्रकिनारी रेकॉर्ड केलेल्या टेपेत घूं नसतेच. तिथे गती न बदलता जशी आहे तशी ठेवा आणि नोंदीत तसं लिहा. दुरुस्ती नेहमी प्रतीवर करायची. मूळ फाइलला हात लावायचा नाही.

टेपेवरच्या पट्ट्यांवर बहुधा फक्त 'अंकल' आणि एखादा वार असतो. हवाईत वडीलधाऱ्या प्रत्येकाला अंकल आणि आंटी म्हणतात, त्यामुळे वीस वर्षांनी ते अंकल कोण हे कुणालाच कळणार नाही. आवाज ओळखू शकणारी माणसं आहेत तोवर त्यांच्याबरोबर बसा आणि पूर्ण नाव, बेट, जागा, अंदाजे वर्ष लिहून घ्या. हवाई भाषेतल्या गाण्यांच्या नावांत ओकिना (स्वरापूर्वीचा छोटा थांबा) आणि काहाको (दीर्घ स्वर) दाखवणारी चिन्हं नीट घाला. ती गळली की शब्द बदलतो. फाइलच्या नावात मात्र ती काही संगणकांना पचत नाहीत, म्हणून फाइलला साधं नाव आणि सोबतच्या तक्त्यात पूर्ण नाव.

प्रती तीन करा, आणि त्यातली एक दुसऱ्या बेटावर ठेवा. ऑगस्ट 2023 मध्ये माउई बेटावरच्या लहाइना गावातल्या आगीत घरंच्या घरं सामानासकट गेली. शेजारच्या घरी ठेवलेली दुसरी प्रत अशा वेळी दुसरी नसतेच. कुटुंबाची तयारी असेल तर होनोलुलूच्या बिशप म्युझियमशी किंवा चित्रफिती असतील तर वेस्ट ओआहू इथल्या विद्यापीठातल्या 'उलुउलु' संग्रहाशी बोला. जाताना यादी आणि तीन ढिगांचे लेखी होकार बरोबर न्या. त्यांच्याशिवाय दिलेलं साहित्य कुणालाच नीट वापरता येत नाही.

एकत्र वाजवण्याचा दिवस

पहिल्या वर्षश्राद्धाला हवाईत 'आहाआइना वाइमाका' नावाचं भोजन ठेवण्याची जुनी रीत आहे. कुटुंब ती पाळत असेल तर त्याच दिवशी कानिकापिला, म्हणजे जमून वाजवणं, योग्य दिसतं. तोवर वरचं काम बरंचसं झालेलंही असतं.

गाण्यांचा क्रम मेळांप्रमाणे लावा, भावनेप्रमाणे नको. टारो पॅचची सगळी गाणी आधी. मग सी वाहिने, कारण फक्त सहावी तार डी वरून सी ला उतरवायची असते. मग सहावी परत वर आणि तिसरी खाली, की जी वाहिने. माउना लोआ शेवटी किंवा वेगळ्या गिटारवर. टारो पॅचवरून तिथे जाताना चार तारा हलतात, त्यातल्या दोन वर चढतात. नुकती चढवलेली तार वाजवता वाजवता उतरते आणि उतरवलेली चढते. म्हणून हव्या त्या स्वराच्या खाली जाऊन हलकेच वर या, तार बोटाने एकदा ताणा, पुन्हा तपासा. दहा-बारा गिटारी असतील तर मेळ बदलायला तीन मिनिटं धरा, आणि तेवढ्या वेळात कुणीतरी उकुलेलेवर, म्हणजे चार तारांच्या छोट्या गिटारवर, एखादं गाणं म्हणू दे.

चाल वाजवणाऱ्या गिटारी एका वेळी दोनच असू द्या. प्रत्येकाला कुमूंचीच चाल वाजवायची असते, आणि सहा जणांनी ती थोड्या थोड्या फरकाने वाजवली की तिच्यातला नाहेनाहे, म्हणजे मृदू गोडवा, उरत नाही. बाकीच्यांनी कॉर्ड धरावेत. कडवी वाटून द्या: या कडव्याला अमुक, पुढच्याला तमुक. बहुतेक हुला, म्हणजे हवाईच्या नाचाच्या, गाण्यांत शेवटचं कडवं 'हाइना' या शब्दाने सुरू होतं. म्होरक्याने तो शब्द मोठ्याने आधी उच्चारला की सगळ्यांना शेवट आल्याचं कळतं. गाणाऱ्यांची पट्टी आदल्या दिवशी ठरवा. कॅपो दुसऱ्या पडद्यावर लावला की जी चा ए होतो. उकुलेले आणि बासवाल्यांना ते सांगायला विसरू नका.

कुमूंची गिटार कुणी वाजवायची हे कुटुंबच ठरवेल. ती नुसती समोर ठेवायची असेल तर लेई, म्हणजे फुलांची माळ, थेट लाकडावर घालू नका. ओल्या फुलांचे डाग जुन्या लॅकरवर कायमचे बसतात. लेई स्टँडवर किंवा उघड्या पेटीच्या कडेवर घाला. मोठ्या बेटावरून लेहुआ, म्हणजे ओहिआ झाडाची फुलं, मागवायचा विचार असेल तर आधी चौकशी करा: ओहिआ झाडाच्या बुरशीरोगामुळे 2015 पासून त्या बेटावरून ओहिआचा कोणताही भाग परवान्याशिवाय बाहेर नेता येत नाही. गरोदर स्त्रीला बंद वर्तुळाची लेई देत नाहीत, तिला माइले या वेलीच्या लेईसारखी उघडी लेई द्यावी. कार्यक्रमानंतर लेई कचऱ्यात जात नाही. दोरा काढून फुलं जमिनीला किंवा समुद्राला द्यायची. दोरा समुद्रात गेला तर पक्षी आणि कासवं त्यात अडकतात.

शिकवणं चालू ठेवणं

वर्ग एकाच शिष्याच्या गळ्यात घालू नका. प्रत्येक गाणं ज्याच्या हातात सर्वांत नीट उतरलं आहे त्याने शिकवावं. नव्या माणसाला आधी टारो पॅच, आधी अंगठा, मग व्हॅम्प, मग चाल, आणि सगळं कानाने व समोर बसून.

टॅबलेचर, म्हणजे कोणत्या तारेवर कोणता पडदा ते दाखवणारी लिपी, लिहून ठेवाच. वरच्या ओळीत मेळाचे स्वर, कॅपो, तारांची जाडी, कोणाच्या वादनावरून आणि त्या शिष्याने ते कोणत्या वर्षी शिकलं. अंगठ्याच्या स्वरांच्या काड्या खाली, बोटांच्या वर, नाहीतर वाचणाऱ्याला दोन आवाज वेगळे दिसत नाहीत. पण ते पान शिष्याच्या हातात गाणं बसल्यानंतरच द्या. आधी दिलं की नजर कागदावर खिळते, आणि समोरच्या अंगठ्याकडे कुणी बघत नाही. त्यातही स्वर लिहिता येतात, किती जोराने आणि किती उशिरा ते येत नाही. म्हणून प्रत्येक पानावर त्या गाण्याच्या पूर्ण गतीच्या रेकॉर्डिंगचा क्रमांक टाका, आणि कुमूंची स्वतःची टेप असेल तर शिष्याच्या रेकॉर्डिंगच्या आधी तिचा.